फिरत्या घराची वीज : डिंडोली ते गोवा प्रवासातला अल्टरनेटरचा हिशेब

पर्यटनस्थळी उघड्यावर अन्न शिजविण्यास गोव्यात २०१९ सालच्या कायदादुरुस्तीने मनाई झाली. एकट्यादुकट्याला दोन हजार आणि समूहाला दहा हजार रुपये दंड, अशी त्या दुरुस्तीतील तरतूद होती. किनाऱ्यालगत बस उभी करून, गॅसची शेगडी रस्त्याच्या कडेला मांडून पन्नास माणसांचा स्वयंपाक करणारे पर्यटक गोमंतकीयांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. ही मनाई पाळायची आणि हॉटेलचा खर्चही टाळायचा, तर एक मार्ग उरतो : बसलाच घर करणे. आसने काढून ओटा, शीतकपाट, निजण्याचे मंच आणि इंडक्शन शेगडी बसवणे. मात्र असे घर उभे राहिले की पहिला प्रश्न विजेचा येतो, आणि विजेचा प्रश्न इंजिनाशेजारी पट्ट्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरपाशी जाऊन थांबतो. आपल्याकडील गॅरेजांत आजही त्याला सर्रास ‘डायनामो’ म्हणतात. मूळ डायनामो वाहनांतून केव्हाच गेला, नाव मात्र राहिले.

हा हिशेब समजून घेण्यासाठी सुरतेच्या डिंडोलीचे उदाहरण सोयीचे आहे. उधन्याच्या पुढे, तापी खोऱ्यातून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूला वसलेला हा भाग धुळे, नंदुरबार, जळगाव येथून कापडउद्योगात आलेल्या मराठी कुटुंबांनी गजबजलेला आहे. घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या या वस्तीला बसचा प्रवास नवा नाही. गावाकडे जाणे, सप्तशृंगीला जाणे, सुटीत गोवा पाहणे हे सारे बसनेच घडते. डिंडोलीतील दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक जुनी खासगी बस घेतली, तिचे घर केले आणि ती घेऊन पणजीकडे निघाली, असे समजू. अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत वापीपर्यंतचा सरळ महामार्ग, घोडबंदरची कोंडी, मग पनवेलपासून कोकणचा महामार्ग आणि शेवटी पत्रादेवी. हा एकच प्रवास अल्टरनेटरच्या बहुतेक सर्व कसोट्या पाहतो.

आधी गरज किती ते मोजावे. चांगल्या प्रतीचे लहान शीतकपाट दिवसाला पाऊण युनिट वीज घेते. कमी विजेवर चालणारे चार पंखे रात्रभर फिरले तर एक ते सव्वा युनिट. इंडक्शनवरचा दोन वेळचा स्वयंपाक, काटकसरीने केला तर, दीड युनिट. दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल मिळून अर्धे युनिट. म्हणजे वातानुकूलन वगळता दिवसाची गरज चार युनिटांच्या घरात जाते. एक टनाचे इन्व्हर्टर वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवले की त्यात आणखी सहा युनिटांची भर पडते आणि आकडा दहावर जातो. बसची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिला साजेसा ४०० अँपिअर-तासांचा लिथियम बॅटरीसंच साधारण दहा युनिटे साठवतो. वातानुकूलनासह एक रात्र, किंवा त्याविना दोन दिवस, एवढी त्याची पुंजी.

हा संच भरायचा कशाने? येथे बहुतेकजण थेट मोठ्या अल्टरनेटरच्या शोधात निघतात आणि चुकतात. प्रश्न किती वीज लागते एवढाच नसून गाडी रोज किती तास चालणार हाही आहे. बसचा मूळ अल्टरनेटर ८० अँपिअरचा धरला, त्यातील रात्रीच्या दिव्यांसाठी आणि वायपरसाठी पंचवीस-तीस अँपिअर राखले आणि उरलेल्यापैकी तीसच अँपिअर घराच्या संचाकडे वळवले, तर तासाला पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. डिंडोली ते पणजी या प्रवासात चाके चौदा तास जरी फिरली तरी अकरा युनिटांच्या आसपास भरणा होतो. म्हणजे रिकामा संचही वाटेतच भरून निघतो आणि दुसऱ्या अल्टरनेटरची गरजच उरत नाही.

चित्र पालटते ते गोव्यात पोचल्यावर. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे सबंध राज्य शंभर किलोमीटरच्या आसपास. मुक्कामाच्या दिवसांत गाडी तास-दीड तासापेक्षा जास्त चालत नाही. तेवढ्या वेळात मूळ अल्टरनेटर एक-सव्वा युनिटच देईल. शंभर अँपिअर प्रत्यक्ष देणारा स्वतंत्र अल्टरनेटर असेल तर तोच वेळ चार युनिटांचा होतो आणि वातानुकूलनाविना एक दिवस निभावतो. थोडक्यात, लांबच्या प्रवासाला लहान अल्टरनेटर पुरतो आणि मोठा लागतो तो लहान राज्यात फिरताना. पुष्कळांना हे उलटे वाटते, पण आकडे तसेच सांगतात.

आता अल्टरनेटरवर कोरलेल्या आकड्याकडे वळू. १५० अँपिअर लिहिलेले यंत्र १५० अँपिअर देईल, अशी समजूत सर्वत्र आढळते. तो आकडा प्रयोगशाळेतील असतो : भोवतालचे तापमान २३ ते २५ अंश आणि अल्टरनेटरचा वेग मिनिटाला ६,००० फेरे. बसच्या डिझेल इंजिनाचा वेग महामार्गावर मिनिटाला दीड ते अठराशे फेरे असतो. पुलीचे प्रमाण एकास तीन धरले तर अल्टरनेटर साडेचार ते साडेपाच हजारांवर फिरतो. एवढ्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते उष्णतेने. इंजिनाच्या कप्प्यातील हवा ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते, आणि तांब्याचे तापमान शंभर अंशांनी वाढले की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. परिणामी तापलेले यंत्र कोरलेल्या आकड्यापेक्षा वीस ते तीस टक्के कमी देते. सलग काही तास चालवायचे तर त्याहूनही खाली, निम्म्या ते दोन-तृतीयांश भारावर ठेवणे शहाणपणाचे. प्रत्यक्ष शंभर अँपिअर हवे असतील तर १५० ते २०० अँपिअरचे यंत्र घ्यावे, याचे कारण हे.

आणि घोडबंदरची कोंडी? तेथे इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर घुटमळते, अल्टरनेटर अठराशेवर येतो आणि १५० अँपिअरच्या यंत्रातून साठ-सत्तर अँपिअर निघाले तरी पुष्कळ. त्याहून वाईट म्हणजे यंत्राला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो. दांडा मंदावला की पंखाही मंदावतो, गाडी उभी असल्याने बाहेरचा वाराही नसतो, पण बॅटरी मात्र ओढतच राहते. अल्टरनेटर जळतात ते भरधाव वेगात नव्हे, तर अशा संथ रांगेत.

‘बॅटरी ओढते’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा आहे. शिशाची बॅटरी तीन-चतुर्थांशाहून अधिक भरली की स्वतःच हात आखडता घेते, प्रवाह कमी होत जातो आणि अल्टरनेटरला विसावा मिळतो. सेल्फ मारल्यावर खर्च झालेली थोडी वीज भरून काढायची आणि मग दिव्यांपुरते चालायचे, याच कामासाठी वाहनांचे अल्टरनेटर घडवलेले असतात. लिथियमचा अंतर्गत रोध अत्यल्प. ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत, तासन्तास, मिळेल तेवढा प्रवाह घेत राहते. म्हणून शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम ठेवली आणि बाकी सारे तसेच ठेवले, हा सर्वांत स्वस्त उपाय अखेरीस सर्वांत महाग ठरतो.

मूळ अल्टरनेटरवरच भागवायचे असेल तर तो आणि घराचा संच यांच्यामध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. तीस अँपिअरवर बांधलेला चार्जर तीसच घेतो. पावसाळी रात्री वायपर आणि दिवे दोन्ही चालू असतील तर तो आणखी खाली आणता येतो. इंजिन बंद झाले की तो आपोआप बंद पडतो, त्यामुळे सकाळी गाडी सुरू करण्याची बॅटरी शाबूत राहते. बहुसंख्य कुटुंबांसाठी हीच व्यवस्था पुरेशी आहे, आणि बसच्या मूळ रचनेला ती सर्वांत कमी हात लावते.

दुसरा अल्टरनेटर बसवायचाच असेल तर तो पूर्णपणे घराच्या संचासाठी राखून ठेवावा. बसची यंत्रणा वेगळी, घराची वेगळी. एक निकामी झाली तरी दुसरी चालते; घाटात दिवे जाण्याची भीती राहत नाही. या यंत्राला त्याच्या पोटातला साधा कटआउट पुरत नाही. बाहेरून नियंत्रण करणारा रेग्युलेटर लागतो. तो बॅटरीच्या टोकाशी व्होल्टेज मोजतो, अल्टरनेटरच्या अंगावर लावलेल्या संवेदकाने त्याचे तापमान पाहतो आणि ठरवलेल्या मर्यादेपुढे जाताच चुंबकीय गुंडाळीचा प्रवाह कमी करतो. आठ कोषांच्या लिथियम संचाला २७.६ ते २८.४ व्होल्ट पुरे. शिशाच्या बॅटरीसाठी बांधलेला रेग्युलेटर तसाच वापरला तर तो गरजेपेक्षा वर जाऊ शकतो. अमेरिकेत जुन्या प्रवासी बसगाड्यांची घरे करण्याची परंपरा मोठी आहे. तेथील अनेक बसवर डेल्को कंपनीचा, इंजिनाच्या तेलाने थंड होणारा २७० अँपिअरचा अल्टरनेटर कारखान्यातूनच येत असे. त्याला हवेच्या पंख्याची गरज नाही आणि घासणारे कार्बन ब्रशही नाहीत. भारतीय बसवर असे यंत्र सहसा सापडत नाही. आपल्याकडे ल्युकास टीव्हीएस किंवा बॉश यांसारख्या कंपन्यांची हवेने थंड होणारी यंत्रेच बाजारात मिळतात, त्यामुळे तापमानाचा संवेदक आपल्याकडे अधिकच आवश्यक ठरतो.

यंत्र बसवायचे कोठे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. जुनी बस वातानुकूलित असेल आणि छतावरची मूळ यंत्रणा काढून टाकलेली असेल, तर इंजिनावर कॉम्प्रेसरची जागा रिकामी असते. तेथील बैठक भक्कम असते, क्रँकच्या पुलीवर जादा खाच असते आणि तो पट्टा मुळातच दहा-बारा अश्वशक्ती ओढण्यासाठी योजलेला असतो. दुसऱ्या अल्टरनेटरला याहून चांगली जागा मिळणे कठीण.

अश्वशक्तीचा उल्लेख सहज केलेला नाही. १५० अँपिअर गुणिले २७ व्होल्ट म्हणजे चार किलोवॉट वीज. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने दांड्यावर जवळपास सात किलोवॉट, म्हणजे नऊ ते दहा अश्वशक्ती लागते. उरलेले तीन किलोवॉट निव्वळ उष्णता होऊन इंजिनाच्या कप्प्यात पसरतात. जणू दोन इंडक्शन शेगड्या तेथे अखंड पेटलेल्या. एका साध्या व्ही पट्ट्याला एवढा भार सातत्याने पेलवत नाही. तो घसरतो, तापतो, किंचाळतो आणि पुलीभोवती काळी रबरी भुकटी सांडू लागतो. जोड पट्टे किंवा आठ धारांचा रुंद सपाट पट्टा हवा. तो फार आवळला तर बेअरिंग जातात, सैल ठेवला तर पट्टा जातो. नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासातच थोडा ताणतो, म्हणून तो पुन्हा आवळल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नये.

पुली लहान करून अल्टरनेटरचा वेग वाढवण्याची युक्ती गॅरेजांत सुचवली जाते. कोंडीत तिचा फायदा होतो खरा, पण इंजिन अडीच हजारांवर गेले असता एकास चारच्या प्रमाणाने अल्टरनेटर दहा हजारांवर जातो, आणि अवजड वाहनांच्या कित्येक अल्टरनेटरांची मर्यादा आठ हजारांच्या आसपास असते. निर्मात्याचा आलेख पाहिल्याविना पुली बदलू नये.

ब्रॅकेट इंजिनालाच जोडलेला असावा, चौकटीला नव्हे. इंजिन रबरी आधारांवर सतत हलत असते. अल्टरनेटर चौकटीवर असेल तर पट्ट्याचा ताण प्रत्येक खड्ड्यागणिक बदलतो. अवजड यंत्राचे वजन पंधरा-वीस किलो भरते. ते एकाच कानावर लटकवले तर कोकणच्या रस्त्यावर वेल्डिंगला चीर पडणारच. दोन्ही बाजूंनी आधार, जाड पोलादी पट्टी, मागे न फिरणाऱ्या चाव्या आणि सरळ पट्टी लावून तपासलेली पुल्यांची रेषा, एवढे झाले की या भागातून डोके काढून घेता येते.

मग येतात तारा, आणि येथे जिवाचा प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या वातानुकूलित शयनबसला आग लागून वीसहून अधिक माणसे दगावली. विद्युत बिघाडाचा संशय तेव्हा व्यक्त झाला. फिरत्या घरातही माणसे झोपलेलीच असतात, आणि गाडीत लाकूड, फोम, पडदे असे जळाऊ सामान बसपेक्षा जास्त असते.

इंजिन पुढे आणि बॅटरी मागच्या सामानकप्प्यात असेल तर एका बाजूचे अंतर आठ मीटर, जाऊन-येऊन सोळा. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून शंभर अँपिअर नेले तर वाटेतच सव्वा व्होल्टाच्या आसपास घट होते आणि शंभराहून अधिक वॉट तारेत जळतात. ५० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट अर्ध्या व्होल्टावर येते. ७० ची घेतली तर अधिकच बरे. परतीच्या मार्गासाठी बसच्या सांगाड्यावर विसंबू नये. गंजलेल्या बोल्टाखालचे अर्थिंग आज चालते आणि पहिल्या पावसानंतर तापू लागते. ऋण बाजूचीही स्वतंत्र जाड तार ओढावी. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडी हवी, डिझेलच्या नळीशी तिची गाठ पडता कामा नये आणि थिंबल हातोड्याने ठोकून नव्हे तर योग्य दाबयंत्राने दाबलेले असावे. सुटा बोल्ट आणि ठोकलेले थिंबल यांनी आगी लागतात. अल्टरनेटर स्वतः क्वचितच पेटतो.

फ्यूज कोणत्या टोकाला लावायचा, याविषयीही गोंधळ असतो. अल्टरनेटर आपल्या क्षमतेहून जास्त प्रवाह देऊच शकत नाही. लिथियमचा संच मात्र तार कोठे घासून सांगाड्याला लागली तर क्षणात हजारो अँपिअर ओततो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, जितका जवळ तितका चांगला. १५० अँपिअरच्या यंत्राला २०० चा फ्यूज आणि त्याला पेलणारी तार. फ्यूज नेमका १५० चा ठेवला तर तो भर रस्त्यात उडेल आणि त्यातून दुसरेच संकट उद्भवेल.

ते संकट असे. अल्टरनेटर पूर्ण भारावर असताना बॅटरी एकाएकी सुटली, तर त्याच्या गुंडाळीतील चुंबकीय ऊर्जेला जाण्यास जागा राहत नाही आणि २४ व्होल्टच्या यंत्रणेत व्होल्टेज क्षणभर शंभराच्याही पुढे उसळते. डायोड प्लेट, इन्व्हर्टर, दिवे, जे जोडलेले असेल ते जाते. लिथियम संचातील संरक्षक यंत्रणा नेमके हेच करते : एखादा कोष जास्त भरला किंवा तापला की ती संच तोडते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये तसे होणे अजिबात दुर्मीळ नाही. उपाय म्हणजे संच तोडण्यापूर्वी संरक्षक यंत्रणेने रेग्युलेटरला ‘थांब’ असा संकेत देणे. दोन्हींमध्ये ती जोडणी उपलब्ध आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे; नसेल तर ते दोघे एकमेकांसाठी नाहीत.

आणखी एक खोड मोडायला हवी. टेप किंवा दिवे बारा व्होल्टचे असले की दोन बॅटऱ्यांच्या मधून तार काढून बारा व्होल्ट घेण्याची सवय बसगाड्यांत जुनी आहे. तसे केल्यास एक बॅटरी सदैव उपाशी राहते आणि दुसरी सदैव फुगते. लिथियममध्ये तर हा खेळ करूच नये. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर फारसा महाग नसतो.

गोव्याच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत उघडे तांबे लवकर हिरवे पडते. कथिलाचा मुलामा असलेल्या तारा व थिंबल आणि जोडावर आवळून बसणारी नळी वापरली तर दोन पावसाळे निर्धास्त जातात. अल्टरनेटर चाकाच्या फवाऱ्याच्या रेषेत असेल तर आडवा पत्रा लावावा, मात्र हवेची वाट बंद न करता. सत्तरीतील भुईपाल येथे बसचे सांगाडे बांधण्याचा कारखाना कित्येक वर्षे चालू आहे. बसच्या पत्र्याला किनारपट्टीवर काय सोसावे लागते, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब ठामपणे मांडली. आसने काढून घर केलेली बस हा असाच बदल होय. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्या चौकटीत काम करणाऱ्या अधिकृत बांधणीकाराकडेच हे रूपांतर व्हावे. कदंबची जुनी बस स्वस्तात मिळेल या आशेवर कोणी असेल तर तो मार्ग बंद आहे : १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती भंगारातच जातात. परवानगीविना वायरिंग केलेल्या वाहनाला आग लागल्यास विमा कंपनीस दावा नाकारण्याचे कारणही आयते मिळते.

मुक्कामी असताना बॅटरी भरण्यासाठी इंजिन चालू ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय. बस उभ्याने तासाला दीड-दोन लिटर डिझेल जाळते, अल्टरनेटर मंद गतीने तापतो आणि धुराचा विषारी वायू झोपलेल्यांपर्यंत पोचू शकतो. छतावर एक किलोवॉटचे सौरपट बसवले तर उन्हाळ्यात दिवसाला चार युनिटे मिळतात, पावसात बरीच कमी. वातानुकूलन हवे असेल तर ज्या जागी विजेची जोडणी मिळते तेथेच मुक्काम करावा.

डिंडोलीहून निघण्यापूर्वी तासाभराची एक फेरी मारावी. परत येताच इंजिन बंद करून दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने अल्टरनेटरचे अंग, पट्टा, प्रत्येक थिंबल आणि फ्यूजची दोन्ही टोके तपासावीत. अल्टरनेटर शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत असेल तर हरकत नाही. एखादे थिंबल शेजारच्यापेक्षा वीस अंशांनी गरम लागले तर तो जोड उघडून पुन्हा करावा. हीच तपासणी पनवेलला चहाच्या थांब्यावर, घोडबंदर ओलांडल्यानंतर, आणखी एकदा करावी.